मु. पो. उसाचा फड

गंगाखेडहून लोहा-नांदेडकडे जाणाऱ्या सडकेवर पालम लागते. उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस बालाघाटाच्या डोंगररांगांचे उतार, आणि या दोहोंच्या मध्ये काळी कसदार व मुरमाड बरड अशा दोन्ही जातींची जमीन कित्येकदा एकाच शिवारात नांदताना दिसते, असा हा परभणी जिल्ह्याचा आग्नेय कोपरा आहे. नदीकाठच्या गावांना पाण्याचे निदान दर्शन तरी घडते. डोंगराकडच्या वाड्यांना आणि तांड्यांना मात्र, मृगाने दगा दिला की खरीप बुडतो आणि खरीप बुडाला की कारखान्याची वाट धरावी लागते, हे गणित दोन-तीन पिढ्यांपासून तोंडपाठ आहे. दसरा उलटला की मुकादमाचा निरोप येतो, वेशीपाशी ट्रक अथवा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहतात, पत्र्याच्या पेट्या, पिठाची गाठोडी, जळण, कोंबड्यांचे डालगे, क्वचित एखादी गाभण शेळीसुद्धा त्यांवर चढते, आणि चार-सहा महिन्यांच्या मुदतीने ही माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांकडे किंवा त्याही पलीकडे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटच्या उसाकडे रवाना होतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेच्या पटावर नाव असलेली पोरे.

या पोरांच्या शिक्षणाविषयी आणि पोषणाविषयी अहवाल पुष्कळ झाले. त्यांना आईबापांची खबर कशी मिळते, या एका लहानशा प्रश्नापुरताच हा लेख आहे. आणि तो लहानसा प्रश्न पुष्कळ मोठ्या प्रश्नांच्या मुळाशी बसलेला आहे, असे माझे मत झाले आहे.

घर सोडून विद्येसाठी परगावी राहिलेल्या मुलाची व्यथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. कोकणातला श्याम शिकायला दापोलीस राहतो, आणि त्याचे सारे चित्त आईपाशी गुंतलेले असते, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. ते पुस्तक लिहिणाऱ्या साने गुरुजींनी स्वतः परगावी अर्धपोटी दिवस काढून शिक्षण पुरे केले होते, आणि पुढे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिक्षकी करताना छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ या नावाचे हस्तलिखित ते स्वहस्ते लिहून फलकावर लावीत. दिवसाकाठी शिकवणे, मुलांची शुश्रूषा, खोल्यांची झाडलोट आणि वर हे दैनिक, एवढा खटाटोप त्यांनी कशासाठी केला असेल? मला वाटते, सकाळी उठल्याबरोबर आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी लिहून ठेवले आहे, ही जाणीव घरापासून तुटलेल्या मुलाला किती हवीशी असते, याचे मर्म त्यांना स्वानुभवाने कळले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार बोर्डिंगे उभारली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग एकत्र चालवले. बहुजन समाजाच्या शिक्षणाचा पाया या बोर्डिंगांनी घातला, ही गोष्ट सर्वमान्य आहे. त्या बोर्डिंगांतील रात्रींचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही.

मराठवाड्याची कथा याहून थोडी निराळी. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि माध्यमिक शाळा इतक्या विरळ होत्या, की खेड्यातल्या हुशार मुलास परभणी, नांदेड, अंबाजोगाई, आणि ऐपत किंवा नातलग असल्यास थेट हैदराबाद गाठावे लागे. तेव्हाच्या परभणी जिल्ह्याच्याच मातीतले नरहर कुरुंदकर हैदराबादेस शिकले, ते मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या आश्रयाने. ज्यांना असा मामा नव्हता, त्यांची मदार कार्डावर होती. निजामाच्या सरकारचे टपालखाते स्वतंत्र होते, त्याची तिकिटे ‘सरकार-ए-आसफिया’ची, ती संस्थानाच्या हद्दीबाहेर चालत नसत, १९५० साली हे खाते हिंदुस्थानच्या टपालखात्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला आंतर्देशीय पत्र निघाले. मनिऑर्डरीच्या फॉर्माच्या तळाशी दोन ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती एक पट्टी असे. बापाने पाच-दहा रुपयांबरोबर त्या पट्टीवर लिहिलेले दोन शब्द मुले पैसे खर्च होऊन गेल्यावरही जपून ठेवीत, असे त्या पिढीतली माणसे सांगतात.

त्या काळच्या पत्रांत बातमी अशी थोडीच असे. येथील सर्व क्षेम, तेथील कळवीत जावे, प्रकृतीस जपून असावे, या ठरीव वाक्यांत कार्डाचा निम्मा भाग संपे. उरलेल्या भागात पाऊसपाणी, लग्नकार्य, एखाद्या म्हाताऱ्याचे जाणे. तथापि पत्र म्हणजे केवळ मजकूर नव्हे. अक्षर बापाचे आहे की शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतले आहे, शाई कोणती, शिक्का कोणत्या तारखेचा, यांवरून मुलाला पुष्कळ काही वाचता येई. या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली होती, की तिचा उच्चार कोणाला करावासा वाटला नाही: घर जागेवर होते. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे चार शब्द ढळत नसत. मुलगा हैदराबादेस असो की मुंबईस, त्याने घातलेले कार्ड आठवड्याने का होईना, त्याच उंबऱ्यावर जाऊन पडे. बाप वारला तरी पत्ता वारत नसे.

पालम तालुक्यातल्या आजच्या पोराच्या बाबतीत नेमके हेच उलटे झाले आहे. तो जागेवर आहे. घर निघून गेले आहे.

पोर परक्या दारी ठेवून जाण्याची गोष्ट तशी या मुलखाच्या फार जुन्या स्मरणातली आहे. पालमच्या शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. परंपरा असे सांगते, की बाप दमा याने या लहानग्या मुलीला पंढरपुरी नेऊन नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवले, आणि ती तिथलीच झाली. चरित्रकारांना पुढच्या भक्तीचे कौतुक करण्याची घाई असते, म्हणून ते या जागेवरून लगबगीने पुढे सरकतात. गोदाकाठच्या घरची खुशाली भीमेकाठी कळण्यास त्या काळी वारीला येणाऱ्या माणसांच्या तोंडी निरोपाखेरीज दुसरे साधन नसावे. दर आषाढीला गंगाखेडकडची कोणी माणसे आली आहेत का, हे त्या पोरीने किती वर्षे विचारले असेल, याचा विचार मला अभंग वाचताना पुष्कळदा सतावतो. अर्थात हा माझा तर्क आहे. पोथीत तो नाही.

आता उसाच्या व्यवहाराकडे वळले पाहिजे, कारण त्याचा तपशील ठाऊक असल्यावाचून या पोरांची अडचण समजत नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा कोयत्यांची टोळी मुकादम जमवतो, पावसाळ्यातच प्रत्येक कोयत्याला उचल देतो, आणि ती उचल हंगामभर तोडलेल्या टनांतून फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या सालावर बाकी चढते. बैलगाडीवर ऊस वाहणाऱ्यांचे ‘गाडी सेंटर’ बहुधा कारखान्याच्या जवळपास मोठा तळ देऊन बसते; तिथे शेकडो कोप्या एकमेकींना लागून असतात, आणि हंगाम संपेपर्यंत तळ सहसा हलत नाही. त्यांचा पत्ता, कच्चा का होईना, सांगता येतो. मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळ्यांची तऱ्हा निराळी. कारखान्याच्या शेतकी खात्याकडून तोडणीचा हुकूम येईल त्या फडात उतरायचे, तो संपला की कोप मोडायची, ताडपत्री आणि बांबू गाडीत टाकायचे आणि पुढच्या फडाच्या बांधावर पुन्हा कोप उभी करायची. पुढचा फड याच शिवारात असेल किंवा दहा कोसांवर. त्याची इत्तला टोळीला आदल्या दिवशी मिळाली तरी पुष्कळ. पहाटे चारला कोयता हातात येतो, आणि वाहन कोणत्या प्रहरी येईल याचा नेम नसल्यामुळे रात्री अकराला भरणी लागली तरी उठावे लागते. अशा माणसाला पत्र घालायचे तर पाकिटावर काय लिहावे?

मोबाइल आला, आता पत्ता हवा कशाला, असे कोणी म्हणेल. मीही काही काळ तसेच समजत होतो. परंतु कोपीत वीज नसते. मोबाइल चार्ज करायचा तर गावातल्या दुकानात किंवा शेतमालकाच्या ओसरीवर ठेवावा लागतो, आणि तो ठेवला असताना पोराचा फोन आला तर उचलणार कोण? कुटुंबात एकच यंत्र असेल तर ते बापाच्या खिशात, बाप गाडीबरोबर काट्यावर, आणि आई फडात. रिचार्ज संपलेला असणे ही तर नित्याचीच बाब. त्यातून टोळी कर्नाटकात असली, की फोन न लागल्याची ध्वनिमुद्रित सूचना कानडीतून ऐकू येते. एका वसतिगृहातल्या मुलांनी या प्रसंगाला नावच ठेवले आहे. कोणाचा फोन लागला नाही तर तो रांगेतून बाजूला होत नुसते म्हणतो, “कानडी बाई आली,” आणि बाकीच्यांना सर्व उमगते.

मागे राहणाऱ्या मुलांची व्यवस्था नाना प्रकारची आहे. हंगामी वसतिगृह म्हणून जे ओळखले जाते, त्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली दोन वेळचे जेवण मिळते, आणि मूल रात्री आजीच्या किंवा चुलत्याच्या घरी झोपते; म्हणजे नाव वसतिगृहाचे, वस्ती नातलगांची. विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा आहेत, त्यांत बंजारा तांड्यांवरची मुले मोठ्या संख्येने दिसतात. ही मुले आईला ‘याडी’ म्हणतात. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. याच तालुक्यात केरवाडी येथे सूर्यकांत कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘स्वप्नभूमी’ ही संस्था निराधार आणि गरीब मुलांसाठी दीर्घकाळ काम करीत आली आहे. राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची योजना जाहीर केली, प्रत्येकी १०० मुलांची. मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यांचा तिच्यात मोठा वाटा आहे. योजना चांगली, आणि तिची अंमलबजावणी शासकीय योजनांच्या नेहमीच्या चालीने चालू आहे. यापेक्षा अधिक भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे.

या सर्व ठिकाणचे जमाखर्च पाहिले, तर किराणा, दूध, अंडी, खोबरेल तेल, साबण, सतरंज्या, चादरी, वह्या, गणवेश, अशी खाती आढळतात. मुलांचा हजेरीपट असतो, साठा नोंदवही असते, शासनाशी झालेल्या पत्रव्यवहाराचे आवक-जावक असते. मुलाचे आईबाप या घटकेला कोणत्या गावाच्या शिवारात आहेत, याची नोंद ठेवणारे दप्तर मात्र माझ्या पाहण्यात आले नाही. प्रवेशाच्या अर्जावर पालकांचा पत्ता असतो; तो गावचा, जिथे या दिवसांत कुलूप असते.

दप्तरात नाही, ते एखाद्या भल्या माणसाच्या वहीत असते. पालमकडच्या एका वसतिगृहातले गृहपाल रोज सायंकाळी जेवणे आटोपल्यावर आपला स्वतःचा मोबाइल मुलांपुढे ठेवतात. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे, तिच्या मागल्या पानांपासून उलट क्रमाने मुलांची नावे लिहिली आहेत, आणि प्रत्येक नावापुढे तीन-तीन क्रमांक: बापाचा, मुकादमाचा, आणि टोळीतल्या ज्या कोणाचा फोन हमखास लागतो अशा तिसऱ्याच माणसाचा. बरेच क्रमांक खोडून नवे घातले आहेत. मी गेलो त्या सायंकाळी सहावीतल्या एका मुलाचा फोन पहिल्या प्रयत्नात लागला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज इतका मोठा होता, की बोलणे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते.

“जेवलास का रं?”

“हं. माय, शेळी व्याली का?”

“व्याली की परवाच्याला. दोन करडं हायेत. एक पाठ, एक बोकड.”

“कसल्या रंगाची?”

“काळी. पाठीच्या कपाळावर चांदी हाय.”

“आबाचा पाय?”

“बरा हाय. तू अभ्यास कर. सरांना तरास देऊ नको.”

“माय, पाठ इकायची नाय.”

त्यानंतर ट्रॅक्टरचाच आवाज येत राहिला आणि फोन बंद झाला. मुलाने मोबाइल शर्टाला पुसून पुढच्या मुलाच्या हाती दिला, आणि झोपण्याच्या खोलीत जाऊन त्याने काळ्या पाठीची हकिकत बाकीच्यांना इतक्या विस्ताराने सांगितली, की ती त्याने डोळ्यांनी पाहिली असावी असे वाटावे. पायाविषयी तो कोणाशी बोलला नाही. गृहपालांनी मागाहून सांगितले, की दोन आठवड्यांपूर्वी बापाच्या नडगीला कोयता लागला होता, आणि ते मुलाला मुकादमाच्या तोंडून चुकून कळले होते. आई तेव्हापासून रोज ‘बरा हाय’ एवढेच सांगते. तेच दोन शब्द, त्याच घाईत.

मोठी माणसे मुलापासून वाईट बातमी लपवतात, ती प्रेमापोटी. पोर तिकडे झुरेल, अभ्यास सोडेल, पळून येईल, ही भीती त्यामागे असते. परंतु लपवलेली बातमी मुलापर्यंत पोचतच नाही, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ती बातमीच्या रूपाने न पोचता भयाच्या रूपाने पोचते, एवढाच फरक. ज्याला आठवड्यातून एकदा तरी शेळीचा रंग, भाकरीला काय होते, कोपीशेजारी ओढा आहे की विहीर, आजीला डोळ्याचे औषध पोचले की नाही, असला बारीक तपशील नियमाने कळतो, त्याच्या मनात आईबाप जिथे असतील तिथे एक चित्र तरी उभे राहते. ज्याला ‘सगळं बरं हाय’ एवढेच कळते, त्याला ते चित्र स्वतःच रंगवावे लागते, आणि रात्री रंगवलेली चित्रे फारशी चांगली नसतात.

घराच्या ओढीला आजार मानण्याची कल्पना युरोपात जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने यावर प्रबंधच लिहिला. बर्न गावाहून शिकायला आलेला एक तरुण बाझेलात झुरून अंथरुणाला खिळला, तो घरच्या वाटेला लावल्याबरोबर सुधारू लागला, अशी एक हकिकत त्यात आहे. विसाव्या शतकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दूर, रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले; रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपटही काढला. त्यांना तीन अवस्था आढळल्या: आधी मूल आकांत करते, मग खचून गप्प होते, आणि शेवटी अलिप्त होते. या तिसऱ्या अवस्थेत ते खाते, खेळते, परिचारिकांशी हसते, म्हणून सगळ्यांना वाटते की आता रुळले. आई भेटायला आली तर मात्र ते तोंड फिरवते. बारा वर्षांचा मुलगा म्हणजे दोन वर्षांचे तान्हे बाळ नव्हे, हे मान्य. त्याला काळ कळतो, कारण कळते, सोबती असतात. तरीही वसतिगृह चालवणाऱ्यांनी ही तिसरी अवस्था ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शंभर मुलांमागे एक गृहपाल असला, की रडणारा मुलगा त्याच्या लक्षात येतो, पळून जाणारा तर येतोच. जो फोनच्या रांगेत उभा राहायचाच सोडून देतो, तो शहाणा मुलगा म्हणून वाखाणला जातो.

काही ठिकाणी फोन मुद्दाम देत नाहीत. दिला की पोरे रडतात, रडली की जेवत नाहीत, आणि एखादे पोर एस.टी. पकडून थेट फडावर जाते, असा अनुभव सांगितला जातो. आणि तो खोटा नाही. वही ठेवणाऱ्या त्या गृहपालांचा अनुभव याच्या उलट आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मुले पळतात ती फोन झाला म्हणून नव्हे. वार ठरलेला असून त्या वारी फोन लागला नाही, म्हणून पळतात. दोन्ही अनुभव तोलून पाहता मला दुसरा खरा वाटतो, कारण त्यात मुलाच्या मनाची गती ओळखलेली आहे. रडणे थांबवण्यासाठी खबर बंद करणे ही व्यवस्था मुलाच्या सोयीची नसून मोठ्यांच्या सोयीची आहे.

आणि दिवाळी! इतर वसतिगृहांत सुटीच्या आधी आठवडाभर पोरांचे पाय जमिनीवर नसतात. होफरचा उपाय, म्हणजे घरी पाठवणे, तिथे लागू पडतो. पालम-गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या सुमारासच टोळ्या बाहेर पडत असल्यामुळे सुटीला निघालेल्या मुलाला घर गाठले तर कुलूप भेटते. मग तो आजीकडे राहतो. किंवा कोणी फडाकडे जाणारे असेल तर त्याच्याबरोबर आईबापांकडे जातो. तिथे त्याचे स्वागत होते, वाढे बांधायला, धाकट्या भावंडाला सांभाळायला दोन हात आले म्हणून सोयही होते, आणि सुटी संपली तरी तो परत निघत नाही. शाळेच्या दप्तरात अशा मुलापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आहे. पण आईला बघण्यासाठी गेलेल्या मुलाला मागे कसे आणावे, याचे कलम त्यात असणार कुठून? वर्षातून एकदा तरी शासकीय खर्चाने मुलांना फडावर नेऊन चार दिवसांनी परत आणण्याची तजवीज झाली, तर यातली निम्मी गळती थांबेल अशी माझी समजूत आहे. तिला आकड्यांचा आधार मजजवळ नाही.

खबरीचे म्हणाल तर ती अस्तित्वात नाही असे नव्हे. कोणती टोळी आज कोणत्या गावच्या कोणत्या गटात ऊस तोडत आहे, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला तारखेनिशी ठाऊक असते, कारण त्यावाचून वजन, वाहतूक आणि तोडणीची बिले निघत नाहीत. फडाच्या तोंडाशी चिठ्ठी देणारा जो चिटबॉय असतो, त्याला तर टोळीतला माणूस न् माणूस ओळखू येतो. इकडे ग्रामसेवकाने गावातील ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत, असे शासनाचे आदेश आहेत. म्हणजे माणूस गावातून गेला याची नोंद एका टोकाला, आणि तो आज कुठे आहे याची नोंद दुसऱ्या टोकाला. मधला दुवा तेवढा कोणी जोडलेला नाही. उसाची मोळी फडातून निघून काट्यावर पोचेपर्यंत तिचा ठावठिकाणा या राज्याला कळतो. ती मोळी बांधणाऱ्या बाईचा ठावठिकाणा तिच्या मुलाला कळावा, यासाठी वेगळा निधी लागत नाही. दर सोमवारी शेतकी खात्याने मुकादमवार गावांची यादी त्या त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे रवाना करावी आणि त्याने ती वसतिगृहांच्या भिंतीवर लावावी, एवढे पुरे आहे. प्रत्येक वसतिगृहात मुलांसाठी एक स्वतंत्र फोन आणि त्याचा ठरलेला वार व वेळ असावी, आणि तो वार मुकादमाला करारपत्राबरोबरच कळवलेला असावा. मुकादमाला उचलीचा हिशोब वर्षानुवर्षे तोंडपाठ राहतो, त्याला एक वार लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

शासन हे करील तेव्हा करील. हा अंक कोल्हापूर, सांगली, सातारा, बारामती, श्रीरामपूर या भागांतही वाचला जातो, आणि त्या वाचकांपैकी पुष्कळांच्या बांधावर येत्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या टोळ्या कोप्या घालतील. त्यांच्यापाशी माझे मागणे आहे. मोबाइल चार्ज करण्यासाठी ओसरीवरचे एक बटण रात्रभर मोकळे ठेवावे. कोपीतल्या बाईला तिचे लेकरू कोणत्या गावी, कोणत्या वसतिगृहात आहे ते विचारावे. तिला लिहिता येत नसेल, तर तुमच्या घरातल्या शाळकरी मुलाने तिच्याजवळ बसून तिच्याच शब्दांत एक कार्ड लिहावे. कार्डाला अजूनही पन्नास पैसेच पडतात. शेळी, करडे, पायाची जखम, जे असेल ते खरे लिहावे, आणि पत्ता वसतिगृहाचा घालावा. तो बदलत नाही.